सॉफ्टवेअर बसवताना आणि काढताना : उबुंटू व डेबियनच्या नोंदवहीविषयी



गेल्या पावसाळ्यात एका रविवारी संध्याकाळी शेजारचा एक अभियांत्रिकीचा विद्यार्थी आपला लॅपटॉप काखेत मारून आमच्याकडे आला. त्याच्या संगणकावर उबुंटू ही प्रणाली होती. नेहमीचे रंगीत दर्शनी पान दिसेनासे झाले होते आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत संगणक केवळ नाव व परवलीचा शब्द विचारत होता. "काका, मी फक्त पायथन काढला हो, दुसरं काही केलं नाही," एवढेच तो पुनःपुन्हा सांगत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला प्रकल्पाचा अहवाल सादर करावयाचा होता आणि तो अहवाल त्याच लॅपटॉपमध्ये होता. बाजारातील एका दुरुस्तीच्या दुकानात त्याला उत्तर मिळाले होते की, फॉर्मॅट मारावा लागेल, आतल्या मजकुराची हमी देता येणार नाही.

फॉर्मॅट मारावा लागला नाही. तो का लागला नाही हे नीट समजावे यासाठी या प्रणालीत सॉफ्टवेअर कसे बसवले जाते, कसे काढले जाते आणि त्याची नोंद कोठे राहते, हे थोडे विस्ताराने सांगावेसे वाटते. आमच्या परिसरातील अनेक घरांत जुने संगणक उबुंटूवर चालतात. खर्च नाही आणि जुन्या यंत्रावरही ती बऱ्यापैकी चालते, हे त्याचे कारण. तथापि विंडोजच्या सवयी घेऊन या प्रणालीत आलेला माणूस नेमका याच ठिकाणी अडखळतो.

विंडोजमध्ये आपण एखाद्या संकेतस्थळावर जातो, सेटअपची फाईल उतरवतो, तिच्यावर दोनदा टिचकी मारतो आणि पुढे, पुढे, पुढे करीत जातो. प्रत्येक सॉफ्टवेअर बहुधा आपली शिदोरी आपल्याबरोबर घेऊन येते. डेबियन आणि तिच्यापासून निघालेल्या उबुंटूची पद्धत निराळी आहे. येथे सॉफ्टवेअर पॅकेजच्या रूपाने एका मध्यवर्ती भांडारात ठेवलेले असते. पॅकेज म्हणजे एक बांधलेले गाठोडे. त्यात दोन मुख्य भाग असतात. एका भागात प्रत्यक्ष फाईली असतात आणि त्यांतील प्रत्येक फाईल संगणकात नेमकी कोठे ठेवावयाची तेही ठरलेले असते. दुसऱ्या भागात गाठोड्याची माहिती असते : नाव, आवृत्ती, सांभाळणारा कोण, आणि हे चालण्यासाठी आणखी कोणकोणती पॅकेजे आधी हजर असली पाहिजेत. या शेवटच्या गोष्टीला आपण अवलंबन म्हणू. सारे बरेवाईट या एका शब्दाभोवती फिरते.

या व्यवस्थेचा इतिहास फार जुना नाही. इयान मर्डॉक या अमेरिकन विद्यार्थ्याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी डेबियन प्रकल्पाची घोषणा केली. डेब्रा या त्याच्या मैत्रिणीचे आणि स्वतःचे नाव जोडून त्याने 'डेबियन' हे नाव सिद्ध केले. गाठोडे सोडून फाईली जागच्या जागी ठेवणारा आणि त्यांची नोंद करणारा डीपॅकेज हा कार्यक्रम १९९४ सालापासूनचा आहे. मात्र डीपॅकेज स्वतः भांडारातून काही आणीत नाही. एखादे अवलंबन अपुरे असेल तर तो तक्रार करून थांबतो, आणि मग माणसाने एकामागून एक गाठोडी शोधत बसावे अशी स्थिती होती. ही वणवण संपवणारी एपीटी, म्हणजेच ॲप्ट, ही व्यवस्था मार्च १९९९ मध्ये आलेल्या डेबियन २.१ पासून सर्वसामान्यांच्या हाती आली. उबुंटूची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २००४ मधली. त्या काळी उबुंटूच्या सीडी मागणी नोंदवल्यास टपालाने विनामूल्य घरपोच येत. ही योजना २०११ मध्ये बंद झाली, पण जाड कागदी पाकिटातील त्या सीडी अजून काहींच्या कपाटात सापडतील. आज, ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ च्या भांडारात सुमारे ७० हजार पॅकेजे आहेत.

बसवण्याची रीत

पुढे ज्या आज्ञा येतील त्या टर्मिनल नावाच्या खिडकीत रोमन लिपीच्या लहान अक्षरांत टंकित करावयाच्या असतात. येथे त्यांचे उच्चार अवतरणचिन्हांत देत आहे. ज्यांना टर्मिनलचा संकोच वाटतो त्यांच्यासाठी सिनॅप्टिक किंवा ॲप सेंटर यांसारखे चित्रमय कार्यक्रम आहेत. सिनॅप्टिक आतून हेच काम करतो. ॲप सेंटरविषयी पुढे सांगेन, कारण तेथे एक गफलत होते.

समजा आपणांस मराठी वाचण्यासाठी लोहित हा देवनागरी टंक बसवायचा आहे. प्रथम 'सुडो ॲप्ट अपडेट' ही आज्ञा द्यावी. सुडो म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, आणि म्हणूनच परवलीचा शब्द विचारला जातो. तो टाईप करताना पडद्यावर ठिपकेही उमटत नाहीत असे बहुतेक ठिकाणी आढळेल, त्यामुळे कळफलक बिघडला असे समजू नये. अपडेट या शब्दाने अनेकांची फसगत होते. या आज्ञेने एकही सॉफ्टवेअर नवे होत नाही. भांडारात आज काय काय उपलब्ध आहे याची यादी तेवढी ताजी होते. वाण्याच्या दुकानातून माल आणण्यापूर्वी त्याचा आजचा भावफलक पाहून यावा, तसे. बसवलेल्या पॅकेजांच्या नव्या आवृत्त्या आणण्याचे काम 'सुडो ॲप्ट अपग्रेड' करते. यादी ताजी झाल्यावर 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल' एवढे लिहून पुढे पॅकेजचे नाव, येथे 'फॉन्ट्स-लोहित-देवा', लिहावे आणि एंटर दाबावे. लिब्रेऑफिसचे मराठी रूप हवे असल्यास त्याचेही वेगळे पॅकेज आहे. नावाचा शेवट मराठीच्या एम-आर या दोन अक्षरांनी होतो.

आपण एक पॅकेज मागतो, ॲप्ट त्याची अवलंबने तपासतो, त्या अवलंबनांची अवलंबने तपासतो, आणि लागतील तेवढी सारी गाठोडी आणण्याचा बेत आखतो. मागितल्यापेक्षा अधिक काही करावे लागणार असेल तर तो आधी तो बेत पडद्यावर मांडतो आणि पुढे जावे का, असे विचारतो. इन्स्टॉलच्या वेळी प्रश्न विचारला गेला याचाच अर्थ आपण न मागितलेले काहीतरी घडणार आहे. फक्त मागितलेले पॅकेजच यायचे असेल तर तो काहीही न विचारता काम उरकतो.

या प्रश्नाशी एक छोटी पण महत्त्वाची खूण असते. कंसात वाय आणि एन ही दोन अक्षरे असतात आणि त्यांतील वाय मोठ्या लिपीत असते. मोठे अक्षर म्हणजे काहीच न लिहिता एंटर दाबल्यास गृहीत धरले जाणारे उत्तर. म्हणजे येथे मौन ही संमती असते. आमच्या विद्यार्थ्याने नेमके हेच केले होते. जुनी पायथन काढून नवी आणावी या उत्साहात त्याने 'सुडो ॲप्ट रिमूव्ह पायथन-थ्री' अशी आज्ञा दिली, शंभराहून अधिक नावांची यादी पडद्यावरून सरकत गेली, आणि त्याने एंटर दाबला.

आता पायथन काढल्याने दर्शनी पान का जावे? पायथन ही त्याच्या दृष्टीने महाविद्यालयात शिकवली जाणारी एक संगणकभाषा होती. उबुंटूच्या दृष्टीने ती घराच्या पायातील विटांपैकी एक आहे. प्रणालीची स्वतःची कितीतरी साधने त्या भाषेत लिहिलेली आहेत आणि त्यांनी पायथनवरील आपले अवलंबन नोंदवून ठेवले आहे. आधार काढा म्हटल्यावर, त्या आधारावर उभे असलेले सारे काही काढावेच लागेल, हा ॲप्टचा निष्कर्ष तर्काला धरून आहे. त्याने तसे सांगितलेही होते. यादीच्या शेवटी येणाऱ्या आकड्यांच्या ओळीत किती नवी येणार, किती सुधारणार आणि किती काढली जाणार हे स्पष्ट लिहिलेले असते. सगळी यादी वाचावयास वेळ नसेल तर निदान काढण्याचा आकडा पाहावा. एक काढायला गेलो आणि आकडा शंभराच्या वर दिसला, तर एन दाबून उठावे आणि चहा घ्यावा. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या एपीटी ३.० मध्ये काढावयाची नावे तांबड्या आणि यावयाची नावे हिरव्या रंगात दिसू लागली आहेत. ही सोय फार पूर्वीच यायला हवी होती असे माझे मत आहे. काहीही प्रत्यक्ष न करता केवळ बेत पाहावयाचा असेल तर आज्ञेत 'डॅश एस' हा शब्द जोडावा. त्याला सुडोचीही गरज लागत नाही.

एक गाजलेला प्रसंग

अशी चूक नवख्या विद्यार्थ्याकडूनच होते असे नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये कॅनडातील लिनस सबॅस्टियन या प्रसिद्ध संगणकसमीक्षकाने लिनक्स वापरून पाहण्याचा आपला प्रयोग यूट्यूबवर दाखवला. (लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स तो हा नव्हे.) त्याने उबुंटूवर आधारलेली पॉप ओएस ही प्रणाली घेतली आणि स्टीम हे खेळांचे सॉफ्टवेअर बसवायला घेतले. त्या वेळी भांडारातील पॅकेजांच्या अवलंबनांत एक दोष राहून गेला होता. चित्रमय कार्यक्रमाने नकार दिला, तेव्हा तो टर्मिनलकडे वळला. ॲप्टने इशारा दिला की यामुळे अत्यावश्यक पॅकेजे काढली जातील, आणि तरीही पुढे जावयाचे असल्यास 'येस, डू ॲज आय से' हे वाक्य अक्षरशः लिहा. त्याने ते लिहिले. काही क्षणांत त्याचे संपूर्ण दर्शनी पान नाहीसे झाले. लक्षात घ्या, तो काही काढायला गेलाच नव्हता, बसवायला गेला होता.

त्यानंतर पुष्कळ वाद झाला. इशारा वाचला नाही हा वापरणाऱ्याचा दोष, असे काही म्हणाले. खेळ बसवू पाहणाऱ्या माणसासमोर असा पर्याय ठेवणेच गैर, असे इतरांचे म्हणणे होते. मला दुसरे मत अधिक पटते. एपीटीच्या रचनाकारांनाही ते पटले असावे, कारण त्याच वर्षी त्यांनी बदल केला आणि आवश्यक म्हणून नोंदलेली पॅकेजे काढून वाट शोधणे एपीटीने बंद केले. मात्र हे संरक्षण आवश्यक अशी खूण असलेल्या पॅकेजांपुरतेच आहे. उबुंटूतील पायथनवर तशी खूण नाही. म्हणून आमच्या विद्यार्थ्याला ते वाक्य लिहावे लागले नाही, एका एंटरने काम भागले.

काढणे म्हणजे नेमके काय

'रिमूव्ह' या आज्ञेने कार्यक्रमाच्या फाईली जातात, पण त्याच्या प्रणालीस्तरावरील मांडणीच्या फाईली मागे राहतात. उद्या तेच पॅकेज पुन्हा बसवले तर जुनी मांडणी तशीच मिळावी हा त्यामागील हेतू. त्या फाईलीही नकोत असे वाटल्यास 'पर्ज' ही आज्ञा आहे. या दोहोंपैकी एकही आज्ञा आपल्या होम फोल्डरला हात लावीत नाही. आपली पत्रे, छायाचित्रे, अहवाल यांची नोंद कोणत्याही पॅकेजच्या नावे नसते आणि डीपॅकेज केवळ आपल्या वहीत नोंदलेल्या फाईलीच काढतो. दुकानदाराने फॉर्मॅटचा उच्चार केला तेव्हा हीच गोष्ट विसरली गेली होती.

तिसरी आज्ञा 'ऑटोरिमूव्ह'. प्रत्येक पॅकेजच्या नावापुढे वहीत एक खूण असते : हे माणसाने मागून घेतले, की दुसऱ्याचे अवलंबन म्हणून आपोआप आले. ज्याच्यासाठी आले तो गेला, आणि दुसऱ्या कोणालाही त्याची गरज उरली नाही, तर ते पॅकेज अनाथ ठरते आणि ऑटोरिमूव्ह त्यास काढून टाकते. जुन्या कर्नलांनी अडवलेली जागा याच आज्ञेने मोकळी होते. आज्ञा उपयुक्त आहे, पण तिच्यात एक खाच आहे. काही पॅकेजे केवळ नावापुरती असतात. त्यांच्या पोटात काही नसते, फक्त अवलंबनांची लांबलचक यादी असते. डेबियनमधील 'ग्नोम' हे तसे पॅकेज आहे. त्या यादीतील एखादा नको असलेला कार्यक्रम आपण काढला, तर यादी अपुरी पडते म्हणून ते नाममात्र पॅकेजही जाते. त्यात तसे काहीच बिघडत नाही. परंतु आता त्याच्या आधाराने आलेली उरलेली सारी पॅकेजे अनाथ ठरतात. पुढे महिन्याभराने आपण सहज ऑटोरिमूव्ह म्हणतो आणि तो अर्धे घर रिकामे करण्याचा बेत समोर ठेवतो. यावर उपाय 'ॲप्ट-मार्क मॅन्युअल' हा आहे. हवी असलेली पॅकेजे आपण मागून घेतली आहेत, अशी खूण त्याने वहीत करता येते.

वीज गेल्यावर काय करावे, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. पॅकेज बसत असताना मध्येच संगणक बंद पडला तर नोंद अर्धवट राहते आणि पुढची प्रत्येक आज्ञा अडते. अशा वेळी 'सुडो डीपीकेजी', मग एक जागा सोडून दोन आडव्या रेघा व त्यांना जोडून 'कॉन्फिगर', आणि शेवटी 'डॅश ए' असे लिहावे. अर्धे राहिलेले काम त्याने पूर्ण होते. वही सध्या दुसऱ्याच्या हातात आहे अशा अर्थाचा, लॉक हा शब्द असलेला संदेश आला, तर बहुधा प्रणालीच पाठीमागे स्वतःची सुरक्षा-सुधारणा करीत असते. दहा मिनिटे थांबावे. लॉकची फाईल पुसून टाका असा सल्ला इंटरनेटवर सर्रास दिला जातो, तो घातक आहे. दोघांनी एकाच वेळी एका वहीत लिहिले तर काय होईल, हे कोणताही कारकून सांगेल.

भांडाराबाहेरची गाठोडी

अधिकृत भांडारातील याद्यांवर अंकीय स्वाक्षरी असते. ती ताडून पाहिल्यावाचून ॲप्ट पॅकेज स्वीकारीत नाही. एखाद्या संकेतस्थळावरून सुटी डेब फाईल उतरवून बसवली तर हे कवच उरत नाही. आणि पॅकेजमध्ये बसवतेवेळी व काढतेवेळी चालवावयाच्या छोट्या आज्ञावल्याही असू शकतात, ज्या प्रशासकाच्या पूर्ण अधिकाराने चालतात. अनोळखी गाठोड्याला घराची किल्ली देण्यासारखेच ते आहे. अधिकृत भांडारही सर्वस्वी अभेद्य नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाईली आकुंचित करणाऱ्या साधनात कोणीतरी मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा उघडकीस आला. दूरस्थ लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद अधिक का लागतो, या शंकेने आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने शोध घेतला आणि तो दरवाजा सापडला. तोवर ती आवृत्ती डेबियनच्या चाचणी शाखांत पोहोचली होती, स्थिर शाखेत मात्र ती आली नव्हती. नवे ते आधी चाचणीत मुरू द्यावे, या डेबियनच्या संथ रीतीची अनेकदा चेष्टा होते. त्या आठवड्यात कोणी केली नसेल.

आता ती गफलत. अलीकडच्या उबुंटूत स्नॅप नावाची दुसरी एक व्यवस्था शेजारी नांदते आणि ॲप सेंटर प्रामुख्याने तिचाच माल दाखवते. एप्रिल २०२२ च्या आवृत्तीपासून फायरफॉक्स स्नॅपच्या रूपाने येतो. ॲप्टकडे फायरफॉक्स नावाचे पॅकेज आहे, पण ते स्नॅपकडे बोट दाखवणारी नुसती पाटी आहे. स्नॅप आपली शिदोरी बरोबर आणतो, त्यामुळे जागा अधिक व्यापतो. त्याची वही वेगळी, काढण्याची आज्ञाही वेगळी, 'स्नॅप रिमूव्ह'. काढताना तो आपल्या मजकुराची एक प्रत बहुधा ३१ दिवस जपून ठेवतो. म्हणून स्नॅप काढूनही डिस्कवर अपेक्षेएवढी जागा मोकळी झाली नाही, तर चकित होऊ नये.

त्या रविवारच्या संध्याकाळी आम्ही काळ्या पडद्यावरच नाव व परवलीचा शब्द देऊन आत शिरलो. प्रथम होम फोल्डर पाहिले. अहवाल जागेवर होता. तो पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्यावर मुलाच्या चेहऱ्यावर रंग आला. मग 'व्हार, लॉग, ॲप्ट' या मार्गाने जाऊन 'हिस्टरी' ही नोंदींची फाईल उघडली. त्यात दुपारच्या वेळेसह त्याने दिलेली आज्ञा आणि तिच्याखाली गेलेल्या प्रत्येक पॅकेजचे नाव आवृत्तीसह लिहिलेले होते. मोबाईल तारेने जोडून इंटरनेट घेतले, 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल उबुंटू-डेस्कटॉप' अशी आज्ञा दिली. या वेळी आलेली यादी त्याने मोठ्याने वाचून दाखवली, काढण्याचा आकडा शून्य आहे हे पाहिले आणि मगच होकार दिला. पाऊण तासाने दर्शनी पान परतले. यादीशी ताडून पाहता उरलेली नऊ पॅकेजे स्वतंत्रपणे मागवावी लागली, त्यांत त्याचा छपाईयंत्राचा कार्यक्रमही होता. नवी पायथन त्याने नंतर प्रणालीच्या पायथनला न हलवता तिच्या शेजारी वेगळी बसवून घेतली.